तळं ओलांडण्याआधी: छोट्या विमानाच्या वैमानिकांसाठी पाण्यातून सुटकेचं प्रशिक्षण

पहिल्याच फेरीत डंकर, म्हणजे सरावासाठी तलावात बुडवायची नकली केबिन, उलटा झाला आणि मी नेमकं जे करायचं नाही तेच केलं. आधी पट्टा सोडला. नाकात पाणी गेलेलं, डोळे घट्ट मिटलेले, आणि पट्टा सुटताच मी बुचासारखी वर उसळले. वर म्हणजे विमानाच्या तळाकडे, कारण सगळंच उलटं होतं. दार कुठल्या बाजूला, खिडकी कुठे, काही कळेना. शेवटी बाजूला थांबलेल्या पाणबुड्याने दंडाला धरून बाहेर ओढलं. खोकून खोकून दम गेल्यावर प्रशिक्षकाने एवढंच विचारलं, "पट्टा सोडला तेव्हा दुसरा हात कुठे होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी सांगलीकडची. मळ्यातल्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले, पुढे कृष्णा आरपार करायचे. त्या पोहण्याचा त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही. माझ्या गटात एक गृहस्थ होते, त्यांना पोहता येत नव्हतं. ते माझ्याआधी शिकले, कारण त्यांना पाण्यात काय करायचं याची आधीची कुठलीच सवय मोडायची नव्हती.

हा लेख नव्याने खासगी वैमानिकाचा परवाना मिळालेल्यांसाठी आहे. आता मी मिशिगन तळ्याच्या काठी राहते आणि भाड्याच्या सेसना १७२ मधून उडते, म्हणून उदाहरणं त्या तळ्याची आणि त्या विमानाची येतील. फ्लोरिडाहून बहामाला जाणाऱ्यांना, इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांना आणि कोकण किनाऱ्याने उडणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी भीती योग्य जागी ठेवा

नव्या वैमानिकाला भीती वाटते ती पाण्यावर टेकण्याच्या क्षणाची. विमान आपटेल, तुकडे होतील, दगडासारखं बुडेल. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी डिचिंगवर, म्हणजे विमान नाइलाजाने पाण्यावर उतरवण्यावर, एक पत्रक काढलं होतं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या नोंदींवरून त्यात म्हटलं होतं, की विमान ताब्यात ठेवून पाण्यावर उतरवलेल्या घटनांपैकी ८८ टक्क्यांमध्ये माणसांना फारशी इजा झालेली नव्हती. म्हणजे उतरणं बहुतेकांना जमतं. माणसं जातात ती त्यानंतर: उलट्या केबिनमधून बाहेर पडता न आल्याने, किंवा बाहेर पडून थंड पाण्यात वाट बघताना.

जुलै २०१० मध्ये आमच्याच तळ्यात, लडिंग्टनजवळ, एका सेसनाचं इंजिन बंद पडलं आणि ती पाण्यावर उतरवावी लागली. विमानात पाच जण होते. वाचला एकटा वैमानिक. याउलट १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीवर उतरलेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानातले १५५ च्या १५५ वाचले. वैमानिकांचं कसब होतंच, पण विमान सरळ तरंगत राहिलं आणि काही मिनिटांत फेरीबोटी पंखाला येऊन लागल्या, हेही तितकंच खरं. पाणी ५ अंशांचं होतं. बोटी तासाभराने आल्या असत्या तर काय झालं असतं, ते सांगायला नको. आपल्या वाट्याला शहराच्या मधोमध वाहणारी, बोटींनी भरलेली नदी येईल असं धरून चालू नका.

पहिली पायरी: कागदावरचं गणित

कोर्सला जाण्याआधी घरी बसून एक हिशोब करा. मी तळ्याच्या पूर्व काठावरचं लडिंग्टन ते पश्चिम काठावरचं मॅनिटोवॉक हा टप्पा घेते. 'बॅजर' नावाची जुनी वाफेची फेरीबोट गाड्या घेऊन इथूनच तळं ओलांडते. अंतर साधारण ५२ सागरी मैल.

सेसना १७२ इंजिनाशिवाय, वारा नसताना, दर हजार फुटांना जवळपास दीड सागरी मैल तरंगत जाते. मी ९,५०० फुटांवर आहे. पण तळ्याची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० फूट वर आहे, म्हणजे हातात उरले ८,९०० फूट. दीडने गुणलं की १३ मैल. दोन्ही काठांचे मिळून २६ मैल झाले. उरलेले मधले २६ मैल असे, की तिथे इंजिन गेलं तर कुठलाच काठ मिळत नाही. ११० नॉटच्या (तासाला ११० सागरी मैल) वेगाने हा पट्टा ओलांडायला १४ मिनिटं लागतात. समोरून वारा असेल तर जास्त.

माझ्या क्लबमध्ये या १४ मिनिटांवरून दर उन्हाळ्यात वाद होतो. कोणी म्हणतो, नशिबाचा भाग आहे. कोणी दक्षिणेकडून शिकागोला वळसा घालून जातो. मला दोन्ही पटतं. पटत नाही ते एवढंच, की हा आकडा न काढता कोणी निघावं.

दुसरा आकडाही काढून ठेवा. त्या उंचीवरून खाली यायला ११-१२ मिनिटं मिळतात. मेडे ही संकटाची हाक द्यायला, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा संकेत लावायला, प्रवाशांना तयार करायला आणि खाली जहाज शोधायला तेवढा वेळ पुरतो. दीड हजार फुटांवरून, देखावा बघत काठाने जाणाऱ्याला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. पाण्यावरून जाताना उंची घ्या. उड्डाण योजना नोंदवा आणि रडारवाल्यांशी बोलत राहा, म्हणजे तुम्ही गप्प झालात हे कोणाच्या तरी लगेच लक्षात येईल.

दुसरी पायरी: अंगावर काय घालायचं

अंगावर घातलेलंच तुमच्या कामाचं. मागच्या सीटवर ठेवलेलं लाइफ जॅकेट विमानाबरोबर तळाशी जातं.

जॅकेट घेताना एक गोष्ट नीट तपासा. शिडाच्या होडीतले लोक वापरतात ती पाणी लागताच आपोआप फुगणारी जॅकेटं विमानात चालत नाहीत. केबिनमध्ये पाणी शिरलं की तुम्ही बसल्या जागी फुगाल, आणि फुगलेला माणूस पाण्याखाली बुडी मारून दारातून जाऊ शकत नाही. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलं. १७५ पैकी १२५ जण मेले. त्यातल्या कितीतरी जणांनी जॅकेट आतच फुगवलं होतं आणि पाणी भरल्यावर ते छताला चिकटून राहिले. आपल्याला हवं ते हाताने दोरी ओढून फुगणारं, कमरेच्या पाऊचमध्ये किंवा गळ्याभोवती सपाट बसणारं जॅकेट. त्याला शिट्टी, दिवा आणि तोंडाने फुगवायची नळी असावी. गॅसच्या नळकांड्याची तारीख बघा. क्लबच्या कपाटातली जॅकेटं वर्षानुवर्षं कोणी उघडून बघितलेली नसतात. आमच्याकडच्या एका जॅकेटातलं नळकांडं आधीच फुटलेलं निघालं होतं.

जॅकेटच्या खिशात पीएलबी ठेवा. मुठीत मावणारं हे यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला तुमचा ठावठिकाणा कळवतं. विमानात बसवलेला ईएलटी, अपघात झाल्यावर संदेश पाठवणारा, तो वेगळा. तो विमानाबरोबर बुडतो, आणि पाण्याखालून त्याचा संदेश जात नाही. जुने ईएलटी १२१.५ वर बोलतात, आणि ती वारंवारता ऐकणं उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून थांबवलं आहे. पीएलबी घेतल्यावर तुमच्या नावावर नोंदवायला विसरू नका. नोंदणी नसेल, तर संदेश खरा की खोटा हे विचारायला फोन करणार कोणाला?

अमेरिकेत भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या विमानाला, काठ गाठता येणार नाही इतकं पाण्यावर जायचं असेल तर, प्रत्येकासाठी तरंगण्याचं साधन लागतं. आपल्यासारख्या खासगी छोट्या विमानावर ती सक्ती नाही. युरोपात एका इंजिनाच्या विमानाला आहे. मी युरोपातला नियम पाळते.

तिसरी पायरी: कोर्स निवडताना

वर्गात बसवून चित्रं दाखवणारे आणि तलावात राफ्ट (फुगवायचा तराफा) फुगवून दाखवणारे कोर्स बरेच आहेत. तेही करा, पण पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर उलटं करणारा कोर्स घ्या. शोधताना 'एग्रेस' किंवा 'हुएट' हे शब्द विचारा. हुएट हे मुळात हेलिकॉप्टरमधून पाण्याखाली सुटका करून घेण्याचं प्रशिक्षण आहे. समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणाऱ्यांना ते करावंच लागतं. छोट्या विमानासाठी त्यातलं जवळजवळ सगळं उपयोगी आहे, कारण हेलिकॉप्टरचं वजन वर असल्यामुळे ते उलटतं आणि आपलं विमान स्थिर चाकं पाण्यात अडकून उलटतं.

ओक्लाहोमा सिटीत एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, वैमानिकी वैद्यक संस्थेत सामान्य वैमानिकांसाठी एक दिवसाचा प्राथमिक वर्ग असतो. कनेटिकटमधल्या ग्रोटनला आणि कॅनडात नोव्हा स्कॉशियातल्या डार्टमथला मोठे डंकर आहेत. नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारा. उलट्या फेऱ्या किती? दार किंवा खिडकी स्वतः उघडायची असते की आधीच उघडी असते? प्रत्येक विद्यार्थ्यामागे पाणबुडे किती? आधीच उघड्या खिडकीतून बाहेर येणं ही मजा आहे, सराव नव्हे.

सर्दी, कानदुखी किंवा नुकती शस्त्रक्रिया झाली असेल तर तारीख पुढे ढकला. उलटं झाल्यावर नाकात पाणी शिरतंच, आणि भरलेल्या सायनसमध्ये ते फार दुखतं. जुनी फुलपँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कॅनव्हासचे बूट न्या. पोहण्याच्या पोशाखात शिकून उपयोग नाही, कारण विमानात आपण तो घालून बसत नाही. परतताना स्वतः विमान चालवत येण्याचा बेत करू नका. रात्री वाकून बूट काढताना माझ्या नाकातून अर्धी वाटी पाणी आलं होतं.

चौथी पायरी: डंकरचा दिवस

सुरुवात उथळ पाण्यातल्या खुर्चीपासून होते. पाइपांच्या चौकटीत एक सीट, पट्टा आणि बाजूला खिडकीची कड. दोघं जण तुम्हाला चौकटीसकट उलटं करतात. पाणी कमरेएवढंच, उभं राहिलं तर डोकं बाहेर. तरीही पहिल्यांदा छातीत धस्स होतं. इथे घाई करू नका. ही पायरी जितक्या वेळा करू देतील तितक्या वेळा करा. सवय इथे लागते, मोठ्या डंकरमध्ये फक्त तिची परीक्षा होते.

शिकायचं ते एवढंच. दाराकडच्या हाताने एक खूण पकडायची, दाराची कडी किंवा खिडकीची चौकट. हा खुणेचा हात. विमान आडवं होवो, उलटं होवो, अंधार होवो, हा हात सुटत नाही. तुम्ही उलटे झालात तरी दार तुमच्या शरीराच्या त्याच बाजूला असतं, डावीकडचं डावीकडेच. डोळ्यांना ते पटत नाही, हाताला पटतं. दुसरा हात पट्ट्याच्या बकलवर.

पाणी पायांकडून वर चढतं. छातीपर्यंत आलं की शेवटचा श्वास घ्यायचा. मग थांबायचं. लिहायला सोपा शब्द आहे, पण अख्ख्या कोर्समधला सर्वांत अवघड भाग हाच. सगळं शरीर पळ म्हणत असतं आणि तुम्ही पट्ट्यात लटकून मनातल्या मनात सातपर्यंत मोजत असता. हालचाल थांबेपर्यंत, पाणी भरेपर्यंत. कारण पाणी वेगाने आत येत असताना त्याच्या विरुद्ध दार उघडत नाही. आत-बाहेर दाब सारखा झाला की उघडतं. मग दार उघडा किंवा खिडकी ढकला. पट्टा अजून बांधलेलाच, कारण दार ढकलायला शरीराला टेकू लागतो आणि तो टेकू पट्टाच देतो. दार उघडलं, खुणेचा हात चौकटीच्या बाहेरच्या कडेवर गेला, आणि आता पट्टा. त्या हाताने स्वतःला ओढत बाहेर. पाय मारू नका, मागच्याच्या तोंडावर बसतात.

माझ्या पहिल्या फेरीत क्रम उलटा झाला होता, एवढंच. दुसऱ्या फेरीत मी सहाच आकडे मोजले आणि दार उघडलं नाही. तिसरीत सात मोजले. तेव्हा ध्यानात आलं की या पाण्याला घाई नाही, घाई मलाच आहे. शेवटच्या फेरीत काळा गॉगल लावून, शेजारच्या सीटवरून, पलीकडच्या दारातून बाहेर पडायचं होतं. एक खूण पकडायची, पुढची सापडल्यावरच आधीची सोडायची, शिडी चढताना चढतो तसं. बाहेर आले तेव्हा प्रशिक्षकाने घड्याळ दाखवलं. २२ सेकंद. मला वाटलं होतं दोन मिनिटं झाली असतील.

बारीक गोष्टी दोन. हेडसेट उतरण्याआधीच काढा, त्याची वायर गळ्यात अडकते. आणि बकल. गाडीत आपण बटण दाबतो, पण विमानाच्या कमरेच्या पट्ट्याचं झाकण उचलावं लागतं. घाबरलेली बोटं बटण शोधत राहतात. विमानात बसल्या बसल्या, न बघता, दहा वेळा उघडून बघा.

काही ठिकाणी छोट्या हवेच्या बाटलीचा सरावही देतात. घ्यायला हरकत नाही. मात्र बाटलीतून श्वास घेतल्यावर वर येताना श्वास रोखायचा नसतो, सोडत यायचं असतं. तसं न केल्यास अगदी उथळ पाण्यातही फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

पाचवी पायरी: राफ्ट

दुपारी राफ्टचा सराव असतो, आणि इथे बहुतेकांचा अहंकार उतरतो. फुगवण्याआधी राफ्टची दोरी स्वतःला बांधा. वाऱ्यावर मोकळी राफ्ट माणसाच्या पोहण्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते. उलटी फुगली तर गॅसच्या नळकांड्याच्या बाजूला पाय रोवा आणि खालचा पट्टा धरून अंगावर ओढून घ्या. मग खरी गंमत: चढणं. फुगलेल्या जॅकेटसकट, ओल्या कपड्यांत, हाताची पकड गेलेली असताना राफ्टची कड छातीएवढी उंच वाटते. पाय मागे पाण्याच्या वर आणून जोरात मारायचे आणि पोटावर घसरत आत पडायचं. आधी सर्वांत दणकट माणूस चढतो आणि बाकीच्यांना ओढून घेतो. आमच्या गटात एका सत्तरीच्या बाईंना आत घ्यायला तिघं लागले, तेही गरम पाण्याच्या तलावात.

थंडीचं वेळापत्रक

मे महिन्यात आमच्याकडे अंगणात ट्यूलिप फुललेले असतात आणि तळ्याच्या मध्यावर पाणी ४-५ अंश असतं. उकाड्याला भुलू नका. थंड पाण्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवायला सोपा आकडा दिला आहे: १-१०-१. पहिल्या एका मिनिटात श्वास आवरायचा. पाणी लागताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि धाप लागते. तेव्हा तोंड पाण्यात असेल तर खेळ तिथेच संपतो. पुढच्या दहा मिनिटांत हातपाय चालतात: दोरी ओढणं, पीएलबी उघडणं, राफ्टमध्ये चढणं, सगळं त्यातच उरकायचं. नंतर बोटं ऐकत नाहीत. आणि बेशुद्धी यायला साधारण एक तास. म्हणजे गारठून मरण्याआधीच बरेच जण बुडतात, कारण तोंड पाण्यावर धरून ठेवायला ताकद उरत नाही. ते काम जॅकेट करतं.

राफ्ट नसेल तर गुडघे छातीशी घ्या, काखा मिटा. एकापेक्षा जास्त असाल तर एकमेकांना बिलगून राहा. काठाकडे पोहत सुटू नका. पोहल्याने उष्णता लवकर जाते, आणि लाटांमधलं माणसाचं डोकं वरून नारळाएवढंही दिसत नाही. आरसा, दिवा, पाण्याचा रंग बदलणारी पूड, जे असेल ते बाहेर काढा.

प्रत्यक्ष उतरण्याबद्दल थोडंसं

हे तुमच्या विमानाच्या पुस्तिकेतून शिका आणि प्रशिक्षकाबरोबर उंचावर सराव करा. १७२ एसची पुस्तिका सांगते, इंजिन चालू असेल तर फ्लॅप (पंखामागच्या झडपा) २० ते ३० अंश, वेग ५५ नॉट आणि मिनिटाला ३०० फुटांचा उतार. इंजिन नसेल तर फ्लॅपशिवाय ७० किंवा १० अंशांवर ६५ नॉट. म्हणून इंधन संपत आलेलं कळत असेल तर संपायची वाट बघू नका. इंजिन चालू असताना पाणी निवडता येतं, संपल्यावर पाणीच तुम्हाला निवडतं. दारं टेकण्याआधी कडीतून सोडवून ठेवा, फटीत बूट घालून ठेवला तरी चालेल.

लांब, गोल पाठीच्या मोठ्या लाटा असतील आणि वारा बेताचा असेल तर लाटेला समांतर उतरा, तिच्या तोंडावर कधीच नाही. वारा फार जोराचा असेल तर वारा समोरून घेऊन. वेग शक्य तितका कमी ठेवा, पण स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) आदळू नका. ६० ऐवजी ५० नॉटने टेकलात तर आदळण्याची ऊर्जा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते. पाणी आरशासारखं शांत असेल तर उंचीचा अंदाज डोळा देत नाही, तेव्हा ठरलेला उतार धरून थांबून राहा. जहाज दिसलं तर त्याच्या वाटेत नव्हे, बाजूला आणि थोडं पुढे उतरा. मोठ्या जहाजाला थांबायला मैलभर लागतो.

आणि धक्के दोन बसतात. पहिला हलका, दुसरा मोठा. पहिल्यानंतर "झालं एकदाचं" म्हणून पट्टा सोडू नका.

भारतात असाल तर

अरबी समुद्राचं पाणी २७-२८ अंशांचं, त्यामुळे १-१०-१ तिथे तसंच्या तसं लागू होत नाही. तिथे ऊन, तहान आणि थकवा हे शत्रू. उलट्या केबिनचं गणित मात्र तेच. माझा आतेभाऊ मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस जातो आणि चौदा दिवस घरी असतो. त्याच्या हुएटच्या फेऱ्या माझ्याआधी कितीतरी वर्षं झाल्या होत्या. मी मोठ्या कौतुकाने डंकरचं वर्णन केलं तर म्हणाला, "ताई, आम्हाला हे दर चार वर्षांनी करायला लागतं, तू एकदाच करून एवढं सांगतेस!" जुहूहून तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं समुद्रात पडल्याच्या घटना त्याच्या पिढीने जवळून पाहिल्या आहेत. त्यामुळे तिथे हा विषय कोणाला हौशीचा वाटत नाही.

ओएनजीसीचं सागरी अतिजीवन केंद्र गोव्यात बेतूलला आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. नौदलाच्या वैमानिकांसाठी कोचीला आयएनएस गरुडवर सोय आहे, पण ती आपल्यासाठी नाही. फ्लाइंग क्लबमधल्या विद्यार्थ्याने तेलक्षेत्रासाठी हुएट घेणाऱ्या केंद्रात बाहेरच्या माणसाला जागा मिळते का हे थेट विचारावं. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तुमची उड्डाणवेळ माहीत असलेल्या घरच्या माणसाच्या फोनमध्ये असू द्यावा.

शेवटची पायरी: प्रवासी

तुम्ही शिकलात, शेजारी बसलेला शिकलेला नाही. १७२ मध्ये मागच्या सीटला स्वतंत्र दार नाही, पुढची सीट सरकवून पुढच्या दारातूनच यावं लागतं. पायपर चेरोकीला तर एकच दार, उजवीकडे, आणि त्याला वर आणखी एक कडी. मग प्रवाशाच्या दारातून वैमानिकाला जायचं असतं. प्रवासी अडकला की तुम्हीही अडकलात.

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. तळ्यापलीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा आधी शनिवारची सकाळ हँगरमध्ये घालवली. आईला सांगितलं, साडी नको, ओढणीही नको, पँट घाल. ती थोडी रुसली. मग दोघांना जॅकेटं घालून बसवलं, बाबांना पुढे उजवीकडे, आईला त्यांच्या मागे, आणि डोळ्यांवर टॉवेल बांधले.

"बाबा, उजवा हात दाराच्या कडीवर. डावा बकलवर. मी थांबलं म्हटलं की सातपर्यंत मोजा, मग दार, मग पट्टा. जॅकेटची दोरी बाहेर गेल्यावरच."

"आणि तुझी आई?"

"आई तुमच्या सीटची पाठ धरून तुमच्या मागून येईल. सीट पुढे सरकवायची कडी खाली आहे, बाहेर पडताना तुम्ही ती ओढायची."

पहिल्या वेळी बाबांनी आधी पट्टा सोडला, लेक बापावर गेली म्हणतात ते उगीच नाही. दुसऱ्या वेळी दार उघडलं, पण आईसाठी सीट सरकवायला विसरले. आई टॉवेलखालून म्हणाली, "मला ठेवून निघाले बघ." पाचव्या वेळी दोघंही बाहेर आले, बाबांचा हात शेवटपर्यंत चौकटीवर होता. आईने टॉवेल सोडला आणि म्हणाली, "अजून एकदा कर, या वेळी मी पुढे बसते."